कोरी सेल

वैद्य सरांचा गाळा मरोळच्या सरकारी औद्योगिक वसाहतीत होता, पहिल्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. दारावर पाटी नव्हती. खिडक्यांच्या काचांना आतून खाकी कागद चिकटवलेला आणि दाराला कायम साखळी. बेल वाजवली की फटीतून आधी सरांचा एक डोळा दिसायचा, मग यथावकाश पूर्ण सर. खालच्या गाळ्यात पत्र्याचे डबे बनायचे, त्याची ठाण्‌ ठाण्‌ दिवसभर आमच्या टेबलांच्या पायांतून वर यायची. एवढी गुप्तता बघून कुणालाही वाटलं असतं की आत नोटा छापतात. प्रत्यक्षात आत आम्ही सहा जण माना खाली घालून चित्रं काढत बसलेलो असायचो. टीव्हीवर दोन कार्यक्रमांच्या मधे पाच-दहा सेकंद काहीतरी फिरतं, उलगडतं, चॅनलचं नाव दाखवतं आणि निघून जातं, ते बनवायचं आमचं काम. आता माझा नातू फोनवर बोट फिरवून तसलं काहीतरी पाच मिनिटांत करतो आणि ‘आजी, बघ ना’ म्हणतो. मी बघते. छान करतो तो. फक्त एवढं सगळं करून त्याचा हात पेन्सिलीने काळा कसा होत नाही याचं मला अजून नवल वाटतं.

सरांचा संशय त्यांच्या मते उगीच नव्हता. पूर्वी कधीतरी त्यांनी पिसारा उलगडणारा एक मोर केला होता आणि दोन महिन्यांत दादरच्या कुणाचातरी तसाच मोर टीव्हीवर आला. मोराचा पिसारा कुणालाही सुचू शकतो, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. तेव्हापासून नियम झाले. बिघडलेला कागद सरांसमोर चार तुकडे करून टाकायचा. संध्याकाळी निघताना पिशवी, पर्स उघडून दाखवायची. शेजारच्या गाळ्यांतल्या लोकांशी कामाचं बोलायचं नाही. मी चित्रकलेचा डिप्लोमा करून तिथे शिकायला म्हणून लागले होते. सहा महिने बघेन आणि मग ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवेन, असं सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. घरी पाठवणं म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं, कारण डोंबिवलीच्या एका स्थळाचा फोटो आईने कपाटात साड्यांखाली ठेवून दिला होता. त्यामुळे मी जीव तोडून शिकत होते. आणि चित्राच्या आधी मी तिथे काय शिकले असेन, तर जेवणाच्या सुट्टीत कोण कुणाशी बोलतंय, कुणाची पर्स आज जास्त फुगलीय, याच्यावर नजर ठेवायला. वास्तविक मला ते कुणीही शिकवलं नव्हतं.

घरी वेगळीच तऱ्हा. घाटकोपरला आमच्या दोन खोल्या होत्या आणि त्यात आई, अप्पा, मी आणि अप्पांची थोरली बहीण, म्हणजे आमची आत्या. आत्याच्या नाकाला न कळणारी गोष्ट जगात नव्हती. बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर कुणी मटार सोललेत हे ती जिन्यात सांगायची. गाळ्यात आम्ही सेल स्पिरिटने पुसत असू. सेल म्हणजे पारदर्शक, पातळ ताव. त्याच्यावर चित्र गिरवायचं, मागून रंग भरायचा, आणि काम झालं की धुऊन पुसून परत वापरायचा, कारण ते ताव महाग. त्या स्पिरिटचा वास केसांत बसायचा. मी घरात पाऊल टाकलं की आत्या गव्हाचं ताट बाजूला सारून उठायचीच.

“शैले, इकडे ये. तोंड उघड.”

“आत्या, स्पिरिट आहे ते. पुसायचं.”

“पुसायचं की प्यायचं?” मग एक दिवस तिला माझ्या पर्समध्ये पांढरे सुती हातमोजे सापडले. सेलवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून ते घालावे लागत. आत्याने ते चिमटीत धरून अप्पांच्या ताटासमोर नाचवले. “हे बघ! ठसे उमटू नयेत म्हणते तुझी कन्या. ठसे कुणाला नको असतात रे? चोरांना!” आईने अप्पांना गरम थालीपीठ वाढलं, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि काहीच बोलली नाही. आई बोलायची नाही तेव्हा जास्त भीती वाटायची.

शेवटी अप्पा ऑफिसातून अर्धी रजा टाकून मरोळला आले. मी आत होते, मला साखळीचा आवाज आला आणि मग सरांचा. “कुणी पाठवलं तुम्हाला?” अप्पा म्हणाले, “पाठवलं कुणी नाही. मी शैलाचा बाप.” सर म्हणाले, “कशावरून?” माझ्या सरळमार्गी बापाने खिशातून ऑफिसचा पास काढून फटीतून दाखवला. सरांनी तो उलटा-सुलटा करून बघितला, परत दिला आणि दार लावून घेतलं. आता घरी रामायण होणार म्हणून मी संध्याकाळी पाय ओढत गेले, तर अप्पा आत्याला सांगत होते, “ताई, तो माणूस तुझ्यापेक्षा संशयी आहे. आपली मुलगी तिथे सुरक्षित आहे.” आत्याला हे पटलं. त्यानंतर तिने माझं तोंड हुंगणं कमी केलं, सोडलं मात्र नाही.

गाळ्यात माझ्याशी मोकळं बोलणारं एकच माणूस होतं, आमचे कॅमेरामन गावडेकाका. मालवणकडचे, कुर्ल्याला राहायचे, पन्नाशी उलटलेली, बोटं मात्र बाईसारखी नाजूक. मागच्या अंधाऱ्या खोलीत त्यांचा कॅमेरा लोखंडी खांबावर तोंड खाली करून टांगलेला असे. त्याच्याखाली पार्श्वभूमीचं चित्र, त्यावर एकावर एक सेल, वर काच, आणि मग एक चौकट टिपायची, गाळ्याच्या भाषेत ‘मारायची’. सेल बदलायची, पुढची चौकट टिपायची. एका सेकंदाला पंचवीस चौकटी. काकांनी मला एकदा पांढऱ्या कागदावर कोऱ्या सेल ठेवून दाखवल्या.

“हां बघ गो. एक ठेवलंय. कागद पांढरोच दिसता मा? आता दुसरी. तिसरी. चौथी. आता बघ.”

कागद पिवळसर झाला होता, फार नाही, साय धरलेल्या दुधाइतका.

“पारदर्शक म्हणतत, पण थोडो रंग खाताच ती. म्हणान चार थर तर चारच थर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. समज, मधीच एक चित्र संपला. संपला म्हणान तू सेल काढलंस तर मागचा आकाश पडद्यार उडी मारतला. थंय कोरी घालूची. दिसत नाय ती, पण असाक व्हयी.”

कुठल्या चौकटीला कुठली सेल हे चित्र काढणाऱ्याने एका लांबलचक तक्त्यात लिहून द्यायचं असतं. त्याला आम्ही नुसतं शीट म्हणायचो. प्रत्येक थराला एक रकाना, त्यात सेलचा नंबर, आणि चित्र नसेल तिथे ‘कोरी’ असं लिहायचं. काका पूर्वी कुणाच्या शीटमध्ये चूक दिसली तर आपणहून सुधारून घेत. एकदा सरांनी ते पकडलं आणि सगळ्यांदेखत झापलं की शीटबाहेर एक चौकटसुद्धा हलवायची नाही, कोण कशात काय घुसडतं ते मला कळलं पाहिजे. तेव्हापासून काका शंका आली की आधी येऊन विचारायचे.

पाचव्या महिन्यात सरांकडे नव्या चॅनलचं दहा सेकंदांचं काम आलं आणि सरांनी ते मला दिलं. कल्पना होती भोवऱ्याची. जाळी घट्ट गुंडाळलेला भोवरा हवेतून येतो, जाळी सुटते, भोवरा जमिनीवर फिरतो, फिरता फिरता अक्षरं उमटतात. जाळी म्हणजे भोवऱ्याची दोरी. मला ते का मिळालं, तर इतरांचे भोवरे नुसते फिरत होते. मी लहानपणी बिल्डिंगच्या मागे पोरांबरोबर भोवरा खेळलेली. जाळी सुटली की भोवरा आधी जरा अडखळतो, मान हलवतो आणि मग एका जागी ठरतो, हे मला माहीत होतं आणि मी ते काढलं. सर माझ्या खुर्चीमागे उभं राहून कागद फडफडवून बघत होते. “बरं आहे,” म्हणाले. सरांच्या तोंडून ‘बरं आहे’ आलं की बाकीचे पाच जण तुमच्याकडे बघेनासे होत. हे जमलं तर मी तिथे राहणार होते, बिघडलं तर डोंबिवली. दुसरा विचार डोक्यात नव्हता.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी पाव आणायला खाली उतरले होते. मरोळला सुक्या मासळीचा मोठा बाजार भरायचा, वर्सोव्यापासून कोळणी पाट्या घेऊन यायच्या. आम्ही शाकाहारी, त्यामुळे मी नाकाला पदर लावून त्या बाजूने पटापट चालत होते. तेवढ्यात गावडेकाका दिसले. एका पाटीशी वाकून ते कोळणीच्या शेजारी बसलेल्या एका माणसाला कागदांचा गठ्ठा देत होते. आमचेच कागद. ते लांबूनही ओळखू यायचे, कारण आमच्या प्रत्येक कागदाला खालच्या कडेला तीन भोकं असायची, मधलं गोल आणि बाजूची दोन लांबट, टेबलावरच्या खुंट्यांत अडकवायला. त्या माणसाने गठ्ठा घेतला आणि पाटीमागे सारला. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मी टायरच्या दुकानात शिरले. दादरचा मोर मला त्या क्षणी लख्ख आठवला, जो मी कधी पाहिलाही नव्हता.

मी जाऊन विचारलं असतं, तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. विचारलं नाही. तीन दिवस मी त्यांच्यावर पाळत ठेवली. ते चहाला जरा लवकर उठले तरी मला त्यात काहीतरी दिसायचं. ते गुणगुणत होते, तर एवढा आनंद कशाचा, असं वाटायचं. आणि याच तीन दिवसांत मी माझं शीट पुरं केलं, एक डोळा कागदावर आणि एक कॅमेऱ्याच्या खोलीच्या दाराकडे ठेवून. तिसऱ्या दिवशी काका शीट हातात घेऊन माझ्या टेबलाशी आले.

“गो शैला, हो तिसरो रकानो जरा बघशीत?”

मी झटकन माझी चित्रं पालथी घातली. ह्यांना माझा भोवरा जवळून बघायचाय, असं माझ्या मनाने घेतलं. “काका, जे आहे ते शीटमध्ये आहे,” मी म्हणाले. “तसंच मारा.”

त्यांनी शीट काखेत मारलं. मग “बरा” म्हणून आत गेले. सरांचा नियम होता, शीटबाहेर एक चौकट नाही. त्यांनी एक चौकटही हलवली नाही.

लॅबमधून फिल्म धुऊन आली तेव्हा सरांनी सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर प्रकाश पडला. माझा भोवरा हवेतून आला, जाळी सुटली, आणि जाळी पडद्याबाहेर गेली त्याच क्षणी मागचं निळं आकाश लख्खकन उजळलं. कुणीतरी बटण दाबावं तसं. भोवरा बिचारा मान हलवत होता, पण त्याच्याकडे आता कुणाचं लक्ष जाणार? सरांनी दिवा लावला. “गावडे, हे काय आहे?”

काकांनी खिशातून चष्मा काढला, शीट उघडलं, बोट फिरवत खाली आले. एका जागी बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शीटची घडी घातली आणि म्हणाले, “माझ्याकडसून रवला, साहेब. कोरी घालूची रवली. परत मारतंय.”

एवढ्यावर थांबलं असतं. सर थोडं ओरडले असते, फिल्म वाया गेली म्हणून दिवसभर कुरकुरले असते, संपलं असतं. पण माझं डोकं तीन दिवस तापलेलं होतं. ज्या माणसाने मला थरांचा धडा दिला तोच कोरी सेल विसरतो? मुद्दाम केलं. माझं काम बिघडवायचं आणि तिकडे दुसऱ्याला द्यायचं. मी उभी राहिले आणि म्हणाले, “सर, काका कागद बाहेर देतात. मी स्वतः बघितलंय. मासळीबाजारात, एका माणसाला.”

डब्यांची ठाण्‌ ठाण्‌ चालू होती. सर काकांकडे वळले. “दिलेस?”

“दिलंय,” काका म्हणाले. त्यांना अजून कळलं नव्हतं की काय चाललंय, ते चक्क हसले. “खराब झालेले ओ. तुकडे करून टाकूचे जिवार येतत, एवढो चांगलो कागद. तो कोळणीचो घोव, जवळो बांधूक घेता. माका वाटो-दीड वाटो देता.”

“माझ्या स्टुडिओतली चित्रं सुक्या जवळ्याभोवती? हे मी खरं मानू?”

“पाच मिनिटांर बाजार आसा, साहेब. चला, दाखवतंय.”

बाजार खरंच पाच मिनिटांवर होता. कुणी गेलं नाही. सर गेले नाहीत, मी गेले नाही, बाकीचे चौघे फरशीकडे बघत राहिले. खरं म्हणजे नियम काकांनी मोडलाच होता, त्यामुळे सरांना पुढे काही तपासायची गरज वाटली नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काका गेले होते. जाताना त्यांनी आपली पिशवी आपणहून उघडून दाखवली. त्यात डबा आणि चष्म्याचं घर होतं.

दुसरा कॅमेरामन आला. सरांनी मला शीटची स्वच्छ नक्कल करून द्यायला सांगितलं. मी जुनं शीट समोर घेतलं, नंबर उतरवत शहात्तराव्या चौकटीपाशी आले, आणि माझा हात थांबला. तिसरा रकाना, जाळीचा. जाळी संपल्यावर खाली शेवटपर्यंत मोकळाच होता. नंबर नाही, ‘कोरी’ नाही, काहीच नाही. अक्षर माझं, चूक माझी. काका विचारायला आले होते ते हेच. मी आजूबाजूला पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. नव्या शीटमध्ये मी शहात्तरपासून खाली ‘कोरी, कोरी, कोरी’ असं सुबक अक्षरात लिहीत गेले आणि ते सरांच्या हातात दिलं. जुनं शीट मी पर्समध्ये घातलं. संध्याकाळी सरांनी ते पकडलं नाही, कारण मी काकांचं नाव सांगितलं त्या दिवसापासून माझी पर्स तपासणं त्यांनी बंद केलं होतं.

भोवरा टीव्हीवर आला तेव्हा आमच्या बाहेरच्या खोलीत शेजारचीही माणसं जमली होती. अप्पा ॲन्टेना फिरवून आले होते. आईने साजूक तुपातला शिरा केला होता, बेदाणे घालून. भोवरा आला, फिरला, अक्षरं उमटली. आकाश जागच्या जागी राहिलं. “संपलं?” आत्या म्हणाली. “एवढ्यासाठी पाच महिने स्पिरिट?” सगळे हसले, अप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि सरांनी मला कायम केल्याचं मी सांगितल्यावर आई आत गेली. तिने कपाट उघडल्याचा आवाज आला. मी मात्र शिऱ्याची वाटी न खाताच बाजूला ठेवली. तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं तर आत्या माझ्याकडे बारीक नजरेने बघत राहिली. तिला काहीतरी कळलं असावं, पण काय ते तिने विचारलं नाही.

त्या रविवारी मी आधी मरोळच्या बाजारात गेले. कोळणीने माझ्याकडे पाहिलं आणि शाकाहारी गिऱ्हाईक म्हणून दुसरीकडे तोंड केलं. मी जवळा मागितला. तिच्या नवऱ्याने पाटीमागून कागद ओढला आणि त्यात मूठभर जवळा बांधून दिला. कागदाला तीन भोकं होती. भोवऱ्याचं अर्धवट, खोडलेलं चित्र होतं, पहिल्या आठवड्यातलं, माझंच. ती पुडी मी तिथल्याच एका मांजरापुढे सोडली आणि कुर्ल्याची बस धरली.

काकांची खोली चाळीत दुसऱ्या मजल्यावर होती. काकी चुलीपाशी, म्हणजे स्टोपाशी, पाठ करून बसल्या होत्या. माशाच्या कालवणाला उकळी फुटली होती. काका खाटेवर बसून एका व्हिडिओ कॅमेऱ्याचा पट्टा शिवत होते. मुलुंडच्या एका व्हिडिओवाल्याबरोबर ते लग्नं मारायला जाऊ लागले होते. “बस गो,” ते म्हणाले, जसं काही झालंच नाही. “च्या घेतंस? ह्यो कॅमेरो बघ. चार-चार तास चालतच रवता. मधी हातान काय करूचा ता माका कळतच नाय.”

मी पर्समधून जुनं शीट काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते उघडलं नाही.

“मिया त्याच दिवशी बघलंय.”

“मग तुम्ही बोलला का नाही, काका?”

“म्हटलं, माका ओरडतले नि सोडून देतले. तुका काढून टाकले असते. तुझे सहा म्हयने भरूचे होते.” मग सुई बाजूला ठेवून, “पण तू माका इचारूक व्हया हुता गो. ता कागदाचा. साहेबांका सांगण्याआधी, एकदा माका.”

मला रडू फुटलं. मी त्यांचे पाय धरायला गेले तर त्यांनी पाय वर घेतले. “मी उद्याच सरांना सांगते,” मी म्हणाले, “सगळं सांगते. शीट दाखवते. ते तुम्हाला परत बोलावतील.” तेव्हा काकींनी पहिल्यांदा मान वळवली. हातातली पळी तशीच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

“नको,” काका म्हणाले. “आपण चुकलो असा म्हणणारो माणूस नाय तो. माका काय परत घेवचो नाय, नि तुझीय जातली. एकाचा गेला ता गेला. तू शीक.”

आत्याशी, अप्पांशी, पुढे नवऱ्याशी, सासूशी, मी आयुष्यभर एकेका शब्दावरून वाद घातले आहेत. त्या दिवशी वाद घालायला माझ्याकडे चांगलं कारण होतं, हातात पुरावा होता, आणि समोर पळी धरून बसलेली एक बाई मी काय म्हणते याची वाट बघत होती. मी म्हणाले, “बरं.” इतक्या पटकन मोठ्या माणसाचं मी कधीच ऐकलं नव्हतं. काकींनी तोंड फिरवून स्टोची वात बारीक केली. मी चहा प्याले, शीट परत पर्समध्ये घातलं आणि खाली उतरले. बसच्या रांगेत उभी असताना मला चक्क हलकं वाटत होतं, हे मी आज, काका-काकी दोघंही नसताना, पहिल्यांदा लिहिते आहे. सोमवारी मी नेहमीपेक्षा दहा मिनिटं आधी गाळ्यावर पोहोचले.